काचेवरचं फडकं

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूब पॅक करण्यात त्या मेकॅनिकचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ट्यूब मानेला धरून उचलायची नाही, जाड फोमवर पालथी ठेवायची, आणि पालथी करण्याआधी काचेवर फडकं टाकायचं. हे शेवटचं उस्तादांनी बजावलेलं. का, ते सांगितलं नव्हतं. ओरखडे पडू नयेत म्हणून असेल, असं तो धरून चालला होता.

आज फडकं धुवायला गेलं होतं.

"अहो, एवढा मऊ फोम आहे. काय होतंय?" बायको म्हणाली.

त्यालाही पटलं. काळ्याभोर फुगीर काचेत दोघं शेजारी शेजारी दिसत होती, तिच्या हातात चिकटपट्टी.

"सावकाश हं, फुटेल," ती म्हणाली. त्याने ट्यूब अलगद पालथी केली. तिने चर्र चर्र पट्ट्या ओढून खोकं बंद केलं. काम फक्कड झालं होतं.

ती चहा घेऊन त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. तो दुसरी ट्यूब पुसू लागला. काचेत टेबल होतं, खिडकी होती, दोन रिकामी स्टुलं होती. तो आणखी वाकला. काचेत कोणीच वाकलं नाही.

"डाग आहे का?" बायकोने विचारलं.

"आहे थोडा."

चर्र.

तिचे दोन्ही हात कपाभोवती होते. आवाज बंद खोक्यातून आला होता, आणि झाकण ओढावं तसा खिडकीतला उजेड एका बाजूने कमी झाला.

"सावकाश हं," खोक्यातून बायकोचा खुशीतला आवाज आला, "फुटतील दोघं."