दोन माशांचा स्किमर

शोभेचे मासे आणि टाकीचं सामान विकणाऱ्या मासेवाल्याने मला टोपी घातली, याची आता खात्रीच पटली होती. टाकीच्या खाऱ्या पाण्यातली घाण फेसाबरोबर वर ओढणाऱ्या, त्याने दिलेल्या स्किमरचा कप आठवड्याने भरायला हवा, तो रोज संध्याकाळी ओसंडत होता. मी तो तसाच नेऊन त्याच्या काउंटरवर आदळला.

"टाकी दोनशे लिटर, मासे दोन. मुद्दाम लहान दिलात ना, म्हणजे मी पुन्हा मोठा घ्यायला येईन?"

त्याने कप नाकाशी नेला. "यंत्र चोख आहे. दोन माशांना दहा माशांचं खाणं पडतंय. स्किमरचं माप नुसतं लिटरवर नाही ठरत साहेब, खाण्यावरही ठरतं. घरी कोण घालतं?"

"वडील. सकाळी साडेआठला, एकदाच, माझ्यासमोर. तीस वर्षं शाळेची घंटा वेळेवर दिलेला माणूस आहे. त्यांच्यावर ढकलू नका."

त्याने नुसता कप धुऊन माझ्या हातात परत दिला. त्यामुळे तर मला त्याचा जास्तच संशय आला.

घरी आलो, तर बाबा खाण्याची डबी घेऊन टाकीपाशी उभे. "बरं झालं आलास. सकाळपासून बिचारे उपाशी, कुणाला आठवण म्हणून नाही." चिमूटभर टाकून ते पेपर वाचत बसले. दहा मिनिटांनी पुन्हा उठले. "अरे, माशांना दिलंच नाही आज!"

दुसऱ्या दिवशी मी मोठा स्किमर मागितला.

"त्यापेक्षा खाणं कमी करा की," मासेवाला म्हणाला.

"ते वाढतच जाणार आहे," मी म्हटलं. "त्या हिशेबाने माप बघा."