दाजींचा झेल

"बोर्डाला काय धाड भरलीय?" उघड्या टीव्हीवर वाकलेले दाजी म्हणाले. "हा एक कपॅसिटर फुगलाय. तेवढा बदलला की झालं. कंपनीवाले काय, अख्खा बोर्ड बदला म्हणणारच, ढेकूण झाला तर घर जाळायला सांगतील."

गिऱ्हाईक बाई हसली, टीव्ही ठेवून गेली.

फुगलेला कपॅसिटर दाजींनी चष्म्यातून शोधला होता. पूर्वी नुसतं बोट फिरवलं तरी कळायचं. मधुमेहाने वर्षभरात दोन्ही हातांची बोटं बधिर केली. गेल्या महिन्यात तापल्या सोल्डरिंग आयर्नने अंगठा भाजला, तर आधी वास आला, मग भाजल्याचं कळलं. पट्टी बायकोने बांधली. तिच्याखेरीज कुणालाच पत्ता नव्हता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? दुकान मेहुण्याचं, तिच्या भावाचं होतं, आणि तो साफ सांगायचा, ज्याचा हात गेला त्याने घरी बसावं.

"दाजी, झेला!" पलीकडच्या टेबलावरून मेहुणा ओरडला.

दाजींनी अलगद झेल घेतला. मुठीत नवा कपॅसिटर होता. उलटसुलट करून त्यांनी त्यावरचा आकडा वाचला.

"वा! हाच हवा होता."

दाजींनी मान वर केली. दुकानातले तिघेही मेकॅनिक हात थांबवून त्यांच्याकडे बघत होते. हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली होती.

मग दाजींच्या ध्यानात आलं. चार्ज केलेला, आत करंट भरलेला कपॅसिटर फेकायचा आणि झेलणाऱ्याला झटक्याने नाचताना बघायचं, ही खोडी या दुकानात त्यांनीच आणली होती. मेहुणा तर पहिल्याच दिवशी स्टुलावरून पडला होता.

"आई गं!" दाजी ओरडले. कपॅसिटर टाकून त्यांनी हात झटकला. दोन उड्याही मारल्या.

कुणी हसलं नाही.

मेहुण्याने येऊन कपॅसिटर उचलला, त्याच्या दोन्ही तारांना स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली नाही. होता नव्हता तो सगळा करंट दाजींच्या हातात उतरला होता.

दाजी अजून हात चोळत होते.

"राहू द्या, दाजी," मेहुणा म्हणाला. "ताई सांगत होती, तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं."