महालक्ष्म्यांची गोळी

"घे न व माय, पानी आनलं तुले!" सुभद्राबाईंच्या एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात पाळी पुढं ढकलायची गोळी. समोर त्यांची सून दामिनी, ओठ गच्च मिटून.

उद्या महालक्ष्म्या बसणार होत्या. अन् वलगावात ऐन महालक्ष्म्यांत घरची सून बाजूले बसली तं संपलंच न सारं! सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, कोण करणार?

"आई, अकोल्याच्या डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगतलं न? माह्या फुफ्फुसाच्या नसाइचं प्रेशर वाढलं हाय. हृदयावर जोर येते. हार्मोनची गोळी चालत नाही. रक्ताची गाठ झाली तं..."

"अन् त्यानं देल्ल्या त्या गोळ्या? त्या बऱ्या चालतेत!"

"त्या प्रेशर कमी करतेत, आई. हे गोळी त्याच्या उलट काम करते."

"सारं गाव खाते. पंचफुला खाते, माणिकबाईच्या सुना खातेत. कोनाले काय झालं?" मग सुभद्राबाईंचा आवाज एकदम उतरला. "सोयाबीन सारं पिवळं पडलं व. यंदा देवीचा कोप नको."

दामिनीनं नवऱ्याकडं पाह्यलं. नितेश मखराले दोरी बांधत होता. त्यानं मान वर केलीच नाही. "घे न. एका गोळीनं काय होते?"

सासूचा हात तोंडापाशी आला. गोळी ओठाले लागली! दामिनीची छाती अशी धडधडे की पदर हलत होता. अन् ती झटक्यात मागं सरली.

"शिवू नका! शिवू नका मले! मी बाजूले झाली, आत्ताच!"

आलीबिली काही नव्हती पाळी. पण घरात नुसती पळापळ झाली. नितेशनं मुखवटे उचलले अन् आतल्या खोलीत पळाला. सुभद्राबाईंनी हातातलं विटाळलेलं पाणी जागच्या जागी ओतलं, गोळी त्याच पाण्यात पडली. दामिनी मागच्या दारानं बाहेर, ओट्यावर पोत्यावर जाऊन बसली. दम लागला होता, दोन्ही हात गुडघ्यावर.

सुभद्राबाई दारापर्यंत आल्या. उंबरठ्याच्या आतच थांबल्या.

"खोटं बोलली असशीन, तं महालक्ष्मी पाह्यते बरं."

"पाहू द्या न, आई," दामिनी धापा टाकत म्हणाली. "जित्ती तं दिसन तिले."