पाणी डावीकडे

"या वर्षी उलट्या दिशेनं जायचं," तिनं जाहीर केलं, आणि खोलीत चक्क टाळ्या पडल्या.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. मधोमध ते अवाढव्य सरोवर, काठाला चिकटून जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर तिनं लाल पेन्सिलीनं काढलेले बाण. मोटारसायकलनं पूर्ण फेरी मारायला आठवडा लागे. बाबा दर वर्षी आपली मित्रमंडळी घेऊन ती मारत. सगळे त्यांना कप्तान म्हणत. हिवाळ्यात कप्तान गेले. संपलं आता सगळं, असं प्रत्येक जण म्हणाला. मग एके दिवशी त्या मंडळींतल्या दंतवैद्यकाकांचा फोन आला. "गाडी तुझ्याकडे आहे आणि डोकंही त्याचंच आहे. या वर्षी तू ने आम्हाला."

तिनं ते मनावर घेतलं. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखणं हेच तिचं काम होतं. कुठली गाडी कुठे खोळंबणार, हे तिला कागदावरच दिसे. बाबांच्या आखणीत तर चुकाच चुका होत्या. संध्याकाळची उन्हं थेट डोळ्यांत. पेट्रोलपंप झाडून सगळे रस्त्याच्या पलीकडे. अवघड चढ नेमका सगळे दमल्यावर. तिनं त्यांच्याशी किती वेळा वाद घातला होता. बाबा शांतपणे ऐकून घेत, मान डोलवत आणि म्हणत, "बरोबर आहे तुझं. पण पाणी डावीकडेच हवं." त्यापुढे एक अक्षर नाही. या बैठका तेव्हा खाली गॅरेजात होत आणि तिथे कप्तानाचा शब्द शेवटचा असे.

आता घरात, उजेडात, पंख्याखाली बैठक भरली होती आणि तिचा एकेक मुद्दा पटत चालला होता.

"उन्हं पाठीवर," ती म्हणाली. "पंप आपल्याच बाजूला. चढ सकाळीच उरकतो."

"देवमाणूस होता तुझा बाप," दंतवैद्यकाका म्हणाले, "पण उन्हाकडे डोळे किलकिले करायला लावून आमची बुबुळं झिजवली त्यानं."

"हट्टी होता, हट्टी!" ब्रेककाकांनी री ओढली. उतार दिसला की ते दोन्ही ब्रेक दाबत, म्हणून हे नाव. "मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, तू मागे बघून चालव, पुढचं मी बघतो."

सगळे हसले. तीही हसली. इतक्या महिन्यांत बाबांचं नाव निघालं आणि ती उठून आत गेली नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. हे आपल्याला जमतंय, असं तिला वाटलं. बाबांचं काम त्यांच्यापेक्षा थोडं नीटच करतोय आपण.

खिडकीशी आई बसली होती. मोटारसायकलला अडकवायच्या पिशवीचा पट्टा उसवला होता, तो ती जाड दोऱ्यानं शिवत होती. तिनं दोरा दातांनी तोडला.

"मी कुणाच्या मागे बसायचं गं?"

मुक्कामाच्या खोल्या, औषधांची पेटी, पंक्चरचं सामान, सगळ्याचा हिशोब लागला होता. आईचा हिशोब कुणी केलाच नव्हता. बाबा नाहीत म्हणजे त्यांच्या मागची जागाही नाही, असं सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं होतं. तिनंसुद्धा.

"माझ्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या?"

"वहिनी, हिच्या मागे बसणार? जपून हं, ही बसच्या वेळेनं सुटते," ब्रेककाका म्हणाले.

"सुटू दे. मी आधीच चढून बसलेली असेन," आई म्हणाली. पिशवी बाजूला ठेवून ती टेबलाशी आली. नकाशा तिनं बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. लाल बाणावरून तिचं बोट हळूहळू पुढे सरकत गेलं आणि थांबलं.

"म्हणजे पाणी कुठल्या हाताला येणार?"

"उजव्या."

"मग मला दिसायचं कसं?"

आईनं तक्रार केली नव्हती. पत्ता विचारावा तसं विचारलं होतं. कमरेच्या जुन्या दुखण्यामुळे आईला दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नसे. दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून, डावीकडे तोंड करूनच ती बसायची. सगळ्यांनीच तिला वर्षानुवर्षं तसं बसलेलं पाहिलं होतं.

"आठवडाभर मी डोंगराची कड बघत बसू?" आई म्हणाली.

दंतवैद्यकाकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला. ब्रेककाका नकाशाकडे बघत राहिले.

लेकीनं खोडरबर उचललं. पहिला बाण पुसला, दुसरा पुसला, मग भराभर सगळेच. कागदावर गुलाबी फराटे उमटले. त्यांच्यावरूनच तिनं नवे बाण काढले, विरुद्ध दिशेचे, आणि या वेळी पेन्सिल चांगली दाबून.

"उन्हाचं काय?" ब्रेककाका हळूच म्हणाले.

"गॉगल घ्या, काका."

"आणि पंप?"

"रस्ता ओलांडायचा."

"झालं! कप्तान परत आला," दंतवैद्यकाका पुटपुटले आणि त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आई मात्र अजून नकाशावरच वाकलेली होती. एकदा इकडून, एकदा तिकडून बोट फिरवून बघत होती.

"तिकडूनही जाता येतं होय?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, तो रस्ताच तसा आहे."