दारात आलेलं यान

"आई, हा खेळ मध्येच थांबत नाही. मी भाजी उतरवून येते. कुणी ग्रहाजवळ आलं की लाल बटण दाबा, तोफ सुटेल," असं म्हणत शलाकाने, माझ्या सुनेने, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. स्पर्धेची उपांत्य फेरी होती. तिघांतले दोघे पुढे जाणार होते. सकाळपासून तिने आकाशभर राज्य उभं केलं होतं.

ती आत गेली आणि एक हिरवं यान आमच्या ग्रहापाशी येऊन थांबलं. खाली अक्षरं उमटली, 'इंधन संपलंय.'

माझा चातुर्मासाचा नेम आहे, दारी आलेल्याला काही दिल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आज दुपार टळत आली तरी कुणी फिरकलं नव्हतं. लाल बटणाशेजारी 'इंधन द्या' असंही बटण होतं. देवाचं नाव घेऊन मी तेच दाबलं.

शलाकाने येऊन पाहिलं, तर आमचं इंधन शून्यावर आलं होतं. "आई, तो शत्रू आहे हो. आता आपली यानं कशावर उडणार?"

"असेल शत्रू. पण दारात उभा होता."

तेवढ्यात तिसऱ्या खेळाडूची काळी यानं चहूबाजूंनी चालून आली. शलाकाने डोळे मिटले. उघडले तेव्हा आमच्या ग्रहाभोवती हिरव्या यानांचं कडं होतं, आणि काळी यानं एकेक करून विझत होती.

"पुढे गेलो, आई!" तिला हसू आवरेना. "त्याला काय लिहू?"

"विचार, जेवलास का."

लगेच उत्तर आलं, 'नाही. आई कधीची हाका मारतेय.'

"मग ऊठ म्हणावं," मी म्हटलं आणि आमची पानं घेतली.