धाकटीची वाईन

नाताळच्या दिवशी सकाळी अकरा वाजता फादर घरी आले, त्यांनी धाकट्या सुनेची, स्टेलाची वाईन चाखली आणि दुसरा पेला मागितला. थोरली सून इजाबेल बघतच राहिली. ती वाईन खरं तर थुंकून टाकायच्या लायकीची व्हायला हवी होती.

वसईच्या या घरात लग्न होऊन आल्यापासून नाताळची वाईन इजाबेलच करायची. यंदा सासूबाई म्हणाल्या, "स्टेलाला करू दे. ती मोजूनमापून करते." स्टेला आंबटपणा कागदी पट्टीवर तपासायची, वाईन टिकावी म्हणून सल्फाइटची पावडर काट्यावर तोलून घालायची. ती माहेरी गेली, तेव्हा इजाबेलने तिच्या वाईनच्या बरणीत तेवढीच पावडर पुन्हा टाकली. पावडर जास्त होऊन काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास सुटला की कळेल सगळ्यांना तिचं मोजमाप!

"चुकलंच होतं माझं," स्टेला फादरांना सांगत होती. "काल पुन्हा तपासलं, तर आंबटपणा फारच कमी. अशा वाईनला पावडर जास्त लागते. मी निम्मीच घातली होती. नासायचीच ती, कशी वाचली कोण जाणे!"

"हाताला गुण आहे तुझ्या, बाय," सासूबाई म्हणाल्या.

गुण इजाबेलच्या हाताचा आणि कौतुक धाकटीचं!

स्टेला तिच्याकडे वळली. "ताई, घरी तुम्हीच होतात. बरणीत काही घातलंत का हो?"

हो म्हणावं तर वाईन तिची होणार होती. पण का घातलं, तेही सांगावं लागणार होतं.

फादर गेले, जेवणं उरकली. इजाबेलने अजून उत्तर दिलेलं नाही.