तिच्या मापाचं चिलखत

तो कॉम्प्युटर गेमसाठी अद्भुत दुनियेतली शस्त्रं आणि चिलखतं काढायचा. ऑफिसात त्याच्या कल्पनेला मोकळं रान होतं. कुणाला शिंगं लाव, कुणाला पंख दे, विचारणारं कुणी नव्हतं.

कॅन्सरच्या ऑपरेशनपासून घरीच असलेली बायको एकदा तो घरी काम करत असताना त्याच्या मागे उभी राहून चित्रं बघत होती. हळूच म्हणाली, "एवढ्या लढवय्या बायका काढल्यास, पण माझ्या मापाचं चिलखत एकीचंही नाही का रे?"

त्याने तिच्या देखतच जीव ओतून एक राणी काढली. तिच्या चिलखताची डावी बाजू सपाट ठेवली आणि तिच्यावर नाजूक वेल कोरली.

साहेबांनी चित्र बघून तोंड वाकडं केलं. "अरे, हिला चार हात दे, शेपूट दे, काही म्हणणार नाही. पण बाई बाईसारखी दिसायला नको? दोन्ही बाजू सारख्या कर."

त्याने केल्या.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "आवडली का रे त्यांना माझी राणी?"


बूट सोडता सोडता, मान वर न करता तो म्हणाला, "हो तर! जशीच्या तशी घेतली."